गिअरबॉक्स गेलाय म्हणे!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि बसलोय तो रागावून. राग कोणाचा ते पुढे कळेलच. थोडा सर्व्हिस सेंटरचा, थोडा तुमचा आणि बराचसा माझा स्वतःचा. नातेवाईक मंडळींपैकी जे हे वाचतात त्यांना आधीच सांगून ठेवतो, या लेखात तुम्ही आहात. नावं घातलेली नाहीत, पण ओळखाल. भांडायचं असेल तर फोन रात्री नऊनंतर करावा.

तर विषय आहे बाबांची गाडी.

आई-बाबा साताऱ्याला असतात, मी पुण्यात. २०१८ साली बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. म्हणून जुनी गाडी विकून ऑटोमॅटिक घेतली. चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली साधी सेडान. सहा वर्षांत जेमतेम ४१ हजार किलोमीटर झाले. भाजी, बँक, आईची फिजिओथेरपी, गुरुवारी संध्याकाळी मित्राकडे पत्ते आणि महिन्यातून एकदा पुणे. ७६ वर्षांच्या माणसाचं सगळं स्वातंत्र्य त्या एका किल्लीत होतं म्हणा ना.

२०२४ च्या जूनमधे बाबा फोनवर म्हणाले, "गाडी मधेच गिअर बदलायची थांबते." चालता चालता एक झटका बसतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग गाडी उचलतच नाही. बाजूला घेऊन बंद केली, परत चालू केली की जणू काही झालंच नाही. मी म्हटलं, "बाबा, ब्रेकवर पाय राहत असेल तुमचा."

हे माझं पहिलं निदान. साताऱ्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब बसून, गाडी न बघता, एका वाक्यात.

मग इतरांची निदानं आली. दादा म्हणाला, काका दोन्ही पाय वापरत असणार. आत्या म्हणाली, त्याला अंधारात दिसत नाही, तो घाबरतो आणि काहीतरी दाबतो. एका भाचेजावयांनी तर ग्रुपवर वृद्धांच्या अपघातांचा व्हिडिओच टाकला. सगळ्यांचं एका मुद्द्यावर एकमत होतं: हे नेहमी संध्याकाळी, पावसात होतं, म्हणजे दोष गाडीत नाही, बाबांच्या डोळ्यांत आहे. तो मुद्दा ध्यानात ठेवा, परत येणार आहे.

जुलैमधे खंबाटकी घाटात ते झालं. पुण्याहून साताऱ्याला जाताना, संध्याकाळी सातला, धो धो पावसात, चढावर. गाडी तिसऱ्या गिअरमधे अडकली. पुढचा ट्रक थांबला म्हणून बाबांना थांबावं लागलं आणि मग तिसऱ्या गिअरवर गाडी चढावर निघेना. मागे ट्रक, हॉर्न, शेजारी आई. कसंबसं कडेला घेतलं, बंद केली, चालू केली, घरी पोचले. आई फोनवर रडली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ठराव पास झाला, काकांची किल्ली काढून घ्या. आणि रविवारी सातारला जाऊन ती काढून घेणारा मी.

बाबा काहीच बोलले नाहीत. किल्ली दिली. म्हणाले, "डॅशबोर्डच्या खणात डायरी आहे, ती मेकॅनिकला दाखव." मी हो म्हटलं आणि विसरलो.

गाडी पुण्यात आणून सर्व्हिस सेंटरमधे दिली. (कुठल्या ते विचारू नका, नाव सांगणार नाही.) पहिल्या खेपेला गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, ९,००० रुपये. आठ दिवसांनी परत तेच. दुसऱ्या खेपेला स्कॅनर लावला, कोड आला पी-०७५३. म्हणाले, "सर, सोलेनॉइड गेलाय, कोडच तसा आलाय." सोलेनॉइडचा सेट बदलला, ३८,००० रुपये. पाच दिवसांनी परत तोच झटका, तोच दिवा, तोच कोड. तिसऱ्या खेपेला तिथला मुलगा अगदी हळू आवाजात, डॉक्टर बाहेर येऊन नातेवाईकांना सांगतात तसा म्हणाला, "सर, गिअरबॉक्स गेलाय. असेंब्ली बदलावी लागेल." एस्टिमेट १ लाख ७२ हजार.

जुन्या गाड्यांच्या डीलरकडे गेलो. त्याने गिअरबॉक्स गेलेली ऑटोमॅटिक म्हटल्यावर जी किंमत सांगितली ती इथे लिहवत नाही. घरच्यांनी म्हटलं, विकून टाक, तसंही काकांना आता गाडी कशाला. बघा, किती सोयीचं झालं! गिअरबॉक्स गेला आणि बाबांचं वयही झालं. दोन निकाल, एकाही तपासणीशिवाय.

ऑफिसमधल्या एका मित्राने नाना पेठेतल्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. वय साठीच्या आसपास, छोटं गॅरेज, आत दोनच गाड्या मावतात. मी गेल्या गेल्या सुरू केलं, सोलेनॉइड बदललाय, कोड असा आलाय, गिअरबॉक्स गेलाय. ते म्हणाले, "ते राहू द्या. गाडी कोण चालवतं?"

"बाबा चालवायचे."

"मग तुम्ही कशाला आलात? त्यांना विचारून आलात का, कधी कधी होतं?"

आत्ता मला डायरी आठवली.

बाबा वीज मंडळात होते. सबस्टेशनवर दर तासाला मीटरचं रीडिंग लिहायची सवय अजून गेलेली नाही. डायरीत १४ नोंदी होत्या. तारीख, वेळ, वेग, पाऊस होता की नव्हता, हेडलाइट, वायपर, एसी, मागच्या काचेचा डीफॉगर, किती मिनिटं गाडी चालवल्यावर झालं. मिस्त्रींनी चष्मा लावून सगळ्या वाचल्या. दोन महिने ती डायरी खणात पडून होती आणि तीन वेळा सर्व्हिस सेंटरला जाऊन आली होती. ती वाचणारा हा पहिला माणूस.

१३ नोंदी संध्याकाळच्या. एक दुपारी बाराची, कोरड्या दिवशी. मिस्त्रींनी तिच्यावर बोट ठेवलं. "हे दुपारचं कुठे झालं?" मी बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "पुण्याला येत होतो. खंबाटकीच्या बोगद्यात."

मिस्त्री हसले. "म्हणजे तेव्हाही लाइट चालू होते."

मग त्यांनी साधा मल्टिमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं गिअरबॉक्सच्या कंप्युटरची अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टने जोडलेली असते तिथे वायरच्या टोकावर. इंजिन चालू, बाकी सगळं बंद: ०.२ व्होल्ट. मग हेडलाइट, वायपर, एसीचा पंखा, डीफॉगर सगळं चालू केलं: १.४ व्होल्ट. दोन्ही टोकं मायनसच. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. बॅटरीच्या ट्रेखाली पाणी साचून तो बोल्ट गंजला होता, वर पांढरी-हिरवी भुकटी धरली होती. त्याच बोल्टवर हेडलाइटची आणि आणखी दोन-तीन गोष्टींची अर्थिंगही होती. त्यांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, बॉडीवरची जागा घासली, परत घट्ट आवळला आणि वर ग्रीस लावलं. सगळं चालू ठेवून परत मोजलं: ०.०३ व्होल्ट.

झालं. एवढंच. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात मी ती गाडी तीन आठवडे रोज रात्री चालवली, सगळे दिवे लावून. एकदाही झटका नाही.

आता हे असं का होतं ते जरा सांगतो, कारण पुढचं भांडण त्यावर आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधे गिअर बदलतं ते तेल. इंजिनचा जोर टॉर्क कन्व्हर्टरमधून तेलाच्याच मार्फत आत येतो. आत ग्रहमालेसारखे फिरणारे गिअर असतात आणि कुठला गिअर लागणार हे ठरतं कोणत्या क्लचवर तेलाचा दाब पडतो त्यावरून. तेलाला वाट दाखवणारे छोटे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह म्हणजे सोलेनॉइड. आणि त्यांना हुकूम देणारा कंप्युटर. १९३९ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रा-मॅटिक आला तेव्हा हा कंप्युटर नव्हता, सगळा विचार तेलाचा दाबच करायचा. आज विचार वीज करते आणि काम तेल करतं. म्हणजे गिअर नीट पडत नसेल तर दोष विचार करणाऱ्यात, निरोप नेणाऱ्यात किंवा काम करणाऱ्यात, कुठेही असू शकतो.

आमच्या गाडीत दोष निरोप नेणाऱ्यात होता. दोन घरांचं सांडपाणी एकाच मोरीतून जात असेल आणि मोरी तुंबली असेल, तर शेजारच्यांनी बादली ओतली की पाणी आपल्याकडे वर येतं. तसंच. हेडलाइटचा करंट त्या गंजलेल्या बोल्टमधून परत जाताना तिथे व्होल्टेज चढायचं, सोलेनॉइडला पुरता जोर मिळायचा नाही आणि कंप्युटरला त्याचे आकडे जुळेनासे व्हायचे. तो घाबरून सोलेनॉइडची वीज तोडायचा आणि गाडी सुरक्षित म्हणून तिसऱ्या गिअरमधे ठेवायचा. याला लिंप मोड म्हणतात, लंगडत का होईना घरी पोचा अशी सोय. किल्ली बंद-चालू केली की तो परत पहिल्यापासून सुरुवात करतो.

आणि पी-०७५३ या कोडचा अर्थ काय? "शिफ्ट सोलेनॉइड ए, इलेक्ट्रिकल." म्हणजे त्या सोलेनॉइडच्या विजेच्या वाटेत काहीतरी बिघडलंय. सोलेनॉइड, वायर, कनेक्टर, अर्थिंग, कंप्युटर, काहीही. कोड फक्त गल्लीचं नाव सांगतो. चोर कोण ते गल्लीत शिरून बघावं लागतं. सर्व्हिस सेंटरने गल्लीतल्या पहिल्या घराला अटक केली, ३८,००० रुपयांत. तरी चोऱ्या थांबल्या नाहीत, तेव्हा म्हणाले अख्खी गल्लीच पाडू.

माझं म्हणणं हे आहे की याला निदान म्हणू नका. वस्तू बदलून बघणं हे निदान नाही, तो जुगार आहे आणि पैसे आपले असतात.

निदानाला क्रम असतो आणि तो काही गुप्त नाही. आधी चालवणाऱ्याला विचारायचं: गाडी गार असताना होतं की तापल्यावर? एकाच गिअरला की सगळ्यांना? सगळ्याच गिअरला गाडी उशिरा ओढत असेल तर तेल कमी आहे किंवा दाब कमी आहे असा संशय. दुसऱ्यावरून तिसऱ्याला जातानाच इंजिनचे फेरे भसकन वाढत असतील तर त्या एका क्लचवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर संशय. साठ-सत्तरच्या सरळ वेगात गाडी थरथरत असेल तर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला नुसता पाय टेकवायचा. थरथर तत्क्षणी थांबली तर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचकडे बघायचं, कारण ब्रेकला पाय लागला की तो सुटतो.

मग तेल बघायचं: पातळी, रंग, वास. पातळी मोजायची रीत गाडीगणिक वेगळी असते, म्हणून मॅन्युअल उघडायचं. तेल काळपट आणि करपलेल्या वासाचं असेल, तळाशी धातूची चमकी असेल, तर मात्र आत खरंच काहीतरी झिजलंय. मग कोड, आणि कोड आला तेव्हाच्या इतर नोंदी. मग बॅटरी, अर्थिंग, कनेक्टर. मग गाडी ज्या परिस्थितीत बिघडते त्याच परिस्थितीत चालवून आकडे बघायचे. मग तेलाचा दाब मोजायचा. आणि हे सगळं झाल्यावर गिअरबॉक्स उघडायचा. आमच्याकडे तिन्ही खेपेला टेस्ट ड्राइव्ह सकाळी अकराला झाली. लख्ख उजेडात, दिवे बंद. मग दोष सापडणार कसा?

आणखी एक. आपल्याकडे "ऑटोमॅटिक" या एका शब्दात चार निरनिराळ्या जाती कोंबलेल्या आहेत. २०१४ पासून छोट्या गाड्यांत जो एएमटी आला तो मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. त्याचा ट्रॅफिकमधला हलका झटका हा बऱ्याचदा त्याचा स्वभाव असतो, रोग नव्हे. सीव्हीटीत पायऱ्यांचे गिअरच नसतात, पट्टा किंवा साखळी असते. ड्युअल क्लच ही तिसरीच तऱ्हा. टॉर्क कन्व्हर्टरवाला चौथा. शेजाऱ्याच्या एएमटीचं काय झालं ते ऐकून माझ्या गाडीचा निकाल लावणं म्हणजे शेजाऱ्याचा एक्स-रे बघून माझं हाड बसवणं. व्हॉट्सॲपवर मला असे अकरा एक्स-रे आले.

आता कोणी म्हणेल, सर्व्हिस सेंटरमधल्या पोरांचा काय दोष? त्यांना दिवसाला अमुक गाड्या सोडायच्या असतात. खरं आहे. आणि त्यात आपलाही हात आहे. बिलात पार्टचे ३८,००० आपण मुकाट देतो, कारण खोक्यातून नवी वस्तू निघालेली दिसते. मिस्त्रींनी दोन तास लावले आणि १,२०० रुपये मागितले. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? "बोल्ट घासायचे बाराशे?" दादाने तर तो बोलूनही दाखवला. डोकं चालवण्याचे पैसे द्यायला आपल्याला जड जातं, मग डोकं चालवणारे कमी होतात आणि खोकी उघडणारे वाढतात. तक्रार करायची तर आधी ही सवय मोडा. "निदानाचे किती घ्याल?" असं विचारा, आणि जो आकडा ठरेल तो काहीही न बदलता द्या.

पण माझा खरा राग या ४७,००० रुपयांवर नाही.

"नेहमी संध्याकाळी, पावसात होतं." हीच खूण होती. हीच नेमकी खूण! तिच्यावरून मिस्त्री दोन तासांत बोल्टपर्यंत पोचले, आणि त्याच खुणेवरून आपण बाबांच्या डोळ्यांपर्यंत पोचलो. पुरावा एकच होता. फरक एवढाच, की मिस्त्रींनी बोल्ट मोजला. आपण बाबांचे डोळे तपासायला नेले का? नाही. मी एकदा तरी संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून त्यांचा पाय कुठे असतो ते बघितलं का? नाही. त्यांनी १४ वेळा लिहून ठेवलेलं वाचलं का? तेही नाही. चालवणारा म्हातारा आहे एवढं कळल्यावर आपल्याला बाकी काही कळून घ्यायची गरज वाटली नाही. सर्व्हिस सेंटरने गिअरबॉक्सचं जे केलं तेच आपण बाबांचं केलं, आणि मी त्यात सगळ्यात पुढे होतो.

उद्या कधीतरी बाबांनी गाडी थांबवायची वेळ खरंच येईल. तेव्हाही हीच रीत पाळू या. आधी त्यांना विचारू, मग डोळे तपासू, मग शेजारी बसून बघू, आणि मग ठरवू. (नोव्हेंबरमधे डोळे तपासले. चष्म्याचा नंबर किंचित बदलला, बाकी ठीक. ग्रुपवर रिपोर्ट टाकला होता, त्याला दोनच अंगठे आले.)

दिवाळीत सातारला गेलो तेव्हा किल्ली परत दिली. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, पण बाबांनी सुरुवातच करू दिली नाही. म्हणाले, "बोल्टवर रीडिंग किती आलं होतं?" मी सांगितलं, आधी १.४, नंतर ०.०३. म्हणाले, "डायरी दे." आणि चौदाव्या नोंदीखाली तारीख टाकून दोन्ही आकडे लिहिले. मग पेन बंद करून आईला म्हणाले, "चल, भाजी आणायची ना?"

ता.क. दादा, बाराशेत तुझा वाटा चारशे. वाट बघतोय :)